विश्लेषण : अकोला-अमरावतीच्या हवेचे ‘छप्पर’ किती उंच? लायडार काय सांगते, जमिनीवरचे यंत्र काय सांगत नाही?

थंडीतल्या सकाळी चिखलदऱ्याच्या दक्षिण कड्यावरून खाली पाहिले, की परतवाडा-अचलपूरकडचा सपाट मुलूख राखाडी पट्ट्याखाली झाकलेला दिसतो. वर निळे आकाश, खाली धूसर, आणि मधली कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. ऊन चढले की ती कड विरते आणि धूसरपणा वर पसरतो. दुपारपर्यंत खालच्या गावांत हवा ‘स्वच्छ’ झाल्यासारखी वाटते.

हवेतले कण मात्र गेलेले नसतात. ते वर सरकलेले असतात. किती वर, हे जमिनीवरचे प्रदूषणमापक यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी लायडार लागते. पुण्यात या तंत्राने १९८६ पासून काम झाले, हिमालयात झाले, उपग्रहावरूनही झाले. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, पण त्या कार्यक्रमाच्या हिशेबात हवेच्या उंचीला रकानाच नाही. हा मुद्दा प्रयोगशाळेपुरता नाही. पऱ्हाटी जाळण्यापासून रस्त्यावर पाणी मारण्यापर्यंत कशावर पैसा आणि कारवाई खर्च करायची, हे त्यावर अवलंबून आहे.

ती सरळ कड कशाची?

जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापून वर जाते, वरची खाली येते. ही घुसळण जिथपर्यंत पोहोचते, तिथपर्यंतच्या थराला हवामानशास्त्रात सीमास्तर म्हणतात. धूळ, धूर, वाहनांतून निघणारे कण, म्हणजे ज्यांना एकत्रितपणे एरोसोल म्हटले जाते, ते बहुतेक याच थरात अडकून असतात. थराचा वरचा काठ म्हणजे एक प्रकारचे छप्पर. चिखलदऱ्यावरून दिसते ती कड हीच.

हे छप्पर दिवसभरात खाली-वर होते. हिवाळ्यात पहाटे जमीन थंड पडते, घुसळण थांबते आणि छप्पर दोन-तीनशे मीटरवर येऊन टेकते. मध्य भारतात मे महिन्यातल्या दुपारी तेच तीन किलोमीटर किंवा त्याहूनही वर जाते. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस उष्णतेमुळे अकोल्यात जमावबंदी लावावी लागली होती. पारा ४५ अंशांपलीकडे असलेल्या अशा दुपारी वऱ्हाडातली धूळ किती उंच उडत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

साधा हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटर जागेवरच्या हवेत समजा ६० किलो सूक्ष्म कण आहेत. छप्पर ३०० मीटरवर असेल, तर कणांचे प्रमाण दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम भरते. छप्पर ३ किलोमीटरवर गेले, तर तेच ६० किलो दहापट जागेत पसरतात आणि प्रमाण २० वर येते. कण तेवढेच आहेत, ते सोडणारेही तेच आहेत. यंत्रावरचा आकडा मात्र दहापट बदलला. पीएम १० साठी देशातील २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पहिला आकडा मर्यादेच्या दुप्पट, आणि दुसरा तक्रार करायलाही जागा नसलेला.

प्रत्यक्षात कण इतके समान पसरत नाहीत, वाराही त्यांना बाहेर वाहून नेतो. तरी मुद्दा तोच राहतो : जमिनीवरचा आकडा म्हणजे कणांचे वजन भागिले छपराची उंची. आज मोजला जातो तो फक्त भागाकार.

लायडार नेमके करते काय?

रडार रेडिओ लहरी सोडते, लायडार प्रकाश सोडते. लेझरचा अत्यंत अल्पकाळाचा झोत आकाशात सोडायचा. वाटेत धूळ, धूर, ढग किंवा हवेचे रेणू जे भेटेल, त्याला आपटून प्रकाशाचा अगदी छोटा अंश मागे परततो. तो दुर्बिणीने गोळा करायचा आणि झोत सोडल्यापासून तो परत येईपर्यंत किती वेळ गेला ते मोजायचे.

प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. जाऊन परत यायचे असल्याने एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर उंची. दहा मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश दीड किलोमीटरवरून आलेला असतो. असे झोत सेकंदाला काही हजारवेळा सोडून त्यांची सरासरी काढली, की जमिनीपासून वरपर्यंत कोणत्या उंचीवर किती कण आहेत याचा उभा आलेख मिळतो. काही मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. दिवसभराचे आलेख शेजारी-शेजारी लावले, की छप्पर सकाळी उठताना आणि संध्याकाळी बसताना पडद्यावर सरळ दिसते.

दुसरी माहिती प्रकाशाच्या ध्रुवणातून मिळते. लेझरचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. तो गोल थेंबाला आपटून आला, तर ती दिशा बहुतांश टिकते. मातीचा कण वेडावाकडा, कोपरे असलेला असतो. त्याच्याकडून परतणाऱ्या प्रकाशाची दिशा विस्कटते. ताज्या धुराचे कण बऱ्याच अंशी गोलाकार वागतात, म्हणून तिथे विस्कट कमी दिसते. थोडक्यात, दोन किलोमीटर उंचीवर दिसणारा थर मातीच्या धुळीचा आहे की धुराचा, हे जमिनीवर बसून बऱ्याच खात्रीने सांगता येते. वऱ्हाडासारख्या ठिकाणी, जिथे काळ्या मातीची धूळ आणि शेतातला धूर एकाच महिन्यात हवेत असतात, तिथे हा फरक फार कामाचा.

तंत्र नवे नाही. पहिला लेझर १९६० मध्ये चमकला आणि १९६३ मध्ये अमेरिकेत फिओको व स्मलिन यांनी माणकाच्या लेझरने वरच्या वातावरणातल्या धुळीचा माग काढला.

पुण्याने चाळीस वर्षांपूर्वी काय केले?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ऑक्टोबर १९८६ पासून आर्गॉन आयन लेझरवर चालणारे लायडार वापरात आले. पी. सी. एस. देवरा, पी. अर्नेस्ट राज आणि त्यांचे सहकारी ते चालवत. हा लेझर झोत तुकड्या-तुकड्यांनी सोडत नसे, त्याचा प्रकाश अखंड असे. मग वेळ मोजायची कशी? त्यावरचा तोडगा भूमितीतला होता. लेझर एका जागी आणि दुर्बीण काही अंतरावर ठेवायची. दुर्बिणीचा कोन थोडा-थोडा बदलत गेले, की झोत आणि दुर्बिणीची नजर जिथे छेदतात त्या बिंदूची उंची त्रिकोणमितीने निघते. शाळेत झाडाची उंची काढायचे गणित असते तेच, फक्त झाडाच्या जागी प्रकाशाचा खांब. दिवसाच्या उजेडात हा अंधूक प्रकाश हरवतो, म्हणून निरीक्षणे सूर्यास्तानंतर.

वर्षानुवर्षे साचलेल्या या नोंदींतून पुण्यावरच्या हवेचे चक्र दिसले. उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, कणांचा भार वाढतो. पावसात धुतला जातो. नंतर पुन्हा चढू लागतो. आणि हे चक्र चालू असताना एकूण भार वर्षागणिक वाढत गेला. आज पुण्याच्या हवेबद्दल जे बोलले जाते, त्याची चाहूल त्या रात्रीच्या नोंदींत होती. सलग आणि एकाच जागी मोजण्याला किती मोल असते, याचे हे उदाहरण. महाराष्ट्रातल्या किती शहरांकडे अशी नोंद आहे, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

मग डोंगरावर कशासाठी जायचे?

कारण डोंगर छपराच्या काठाशी उभा असतो. रात्री छप्पर खाली बसते तेव्हा शिखर त्याच्या वर, मोकळ्या वातावरणात असते. दुपारी खोऱ्यातली हवा चढत येते आणि तेच शिखर छपराखाली सापडते. एकाच जागी बसून दोन्ही हवा मोजता येतात.

नैनितालजवळ सुमारे १,९५० मीटर उंचीवरच्या मनोरा शिखरावर आर्यभट्ट संशोधन संस्था आहे. जून २०११ ते मार्च २०१२ या काळात अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची फिरती प्रयोगशाळा तिथे आणली गेली, सोबत मायक्रोपल्स लायडारही. गंगेच्या मैदानातला धूर हिमालयाच्या अंगाने वर कसा चढतो, हे पाहणे हा त्या मोहिमेचा हेतू होता. मैदानी शहरांत काजळीचा आकडा सकाळी आणि रात्री चढतो. मनोरा शिखरावर तो दुपारनंतर चढतो, असे आधीच्या नोंदींतून दिसले होते. म्हणजे खालच्या शहरांची सकाळ वर पोहोचायला दुपार होते.

महाराष्ट्रात ही भूमिका महाबळेश्वरकडे आहे. पुण्याच्या त्याच संस्थेने २०१२ मध्ये तिथे, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. पावसाळ्यात तिथे ढगच जमिनीवर उतरतात, त्यामुळे विमान न उडवता ढगातले थेंब आणि ते ज्या कणांवर जमतात ते कण दोन्ही मोजता येतात.

चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर, अमरावतीची सुमारे ३४० मीटर आणि अकोल्याची २८० च्या आसपास. मैदानापासून पाऊण किलोमीटरहून अधिक उंच असे ठिकाण जिल्ह्यातच आहे. हिवाळ्यातले छप्पर बहुतेक पहाटे चिखलदऱ्याच्या खाली आणि दुपारी त्याच्या वर असणार, असे भौतिकशास्त्र सांगते. महाबळेश्वर किंवा नैनितालसाठी केलेली मांडणी इथे जशीच्या तशी बसते. सध्या त्या उंचीचा उपयोग पर्यटनाला होतो.

हिमालयातल्या धुराचा वऱ्हाडातल्या पेरणीशी काय संबंध?

संबंध पावसातून येतो, आणि त्यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत थरच्या वाळवंटातली धूळ आणि गंगेच्या मैदानातली काजळी हिमालयाच्या दक्षिण उताराला येऊन साचते. उपग्रहावरच्या लायडारने हा थर कित्येक किलोमीटर उंच दाखवला. धूळ आणि काजळी ऊन शोषतात, त्यामुळे त्या उंचीवरची हवा तापते. विल्यम लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले, की ही तापलेली हवा वर उठते, समुद्रावरचे बाष्प आत ओढते आणि मोसमी पावसाची सुरुवात जोरकस करते. या मांडणीला उंचावरचा उष्णतापंप असे नाव मिळाले. तिला आक्षेपही आले. निरीक्षणांतून तसा पंप दिसत नाही, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे.

दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. कणांमुळे जमिनीवर ऊन कमी पोहोचते, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो आणि मान्सूनचा जोर ओसरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य-उत्तर भारतात पावसात झालेल्या घटीला माणसाने सोडलेले एरोसोल मुख्यतः कारणीभूत असल्याचे बोलासिना आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले.

कोण बरोबर, हे ठरवताना पुन्हा उंचीच आडवी येते. काजळी ढगांच्या वर असेल तर एक परिणाम, ढगातच असेल तर ढग विरायला मदत, जमिनीलगत असेल तर तिसराच. एकूण कण किती, एवढ्या माहितीवर हा वाद सुटत नाही.

ढगाच्या आतली गोष्ट तुलनेने स्पष्ट आहे. २००९ पासून देशात विविध ठिकाणी विमानातून ढगांची मोजणी करणारा ‘कायपेक्स’ प्रयोग पुण्याच्या संस्थेने राबवला. कण जास्त असले, की ढगातले पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते. बारीक थेंब एकमेकांना चिकटून पावसाचा थेंब व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस सुरू होण्याआधी ढगाला अधिक उंच वाढावे लागते. वाढ मध्येच थांबली, तर ढग तसाच निघून जातो.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे पाऊस चुकला तर विहिरीवर पीक वाचवण्याचा मार्ग फारसा उरत नाही. जुलैमध्ये आभाळ भरून येते आणि न पडता निघून जाते, हा तिथल्या कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर उत्पादकांचा नेहमीचा अनुभव. त्यामागे दरवेळी एरोसोल असतात असे म्हणणे चुकीचे ठरेल. वारा, बाष्प, कमी दाबाचे पट्टे ही कारणे मोठी आहेत. पण एरोसोलचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय कृत्रिम पावसाचे प्रयोगही अंधारातच होतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादेतून विमान उडवून असा प्रयोग केला. ढगात आधीच कण भरपूर आहेत की कमी, यावर कोणते मीठ फवारायचे आणि फवारायचे की नाही, हे ठरते.

स्वच्छ हवा कार्यक्रमात अडचण कुठे आहे?

जानेवारी २०१९ मध्ये हा कार्यक्रम जाहीर झाला. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्के कमी करायचे होते. नंतर उद्दिष्ट वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट किंवा मानकाची पूर्तता असे करण्यात आले. शहराची कामगिरी मुख्यतः पीएम १० च्या वार्षिक सरासरीवर जोखली जाते.

आता मघाचा भागाकार आठवावा. एखाद्या वर्षी हिवाळा सौम्य गेला, वारे वाहत राहिले, छप्पर फार खाली आले नाही, तर महापालिकेने काहीही न करता आकडा सुधारतो. पुढच्या वर्षी थंडी कडक पडली, तर चांगले काम करूनही आकडा बिघडतो. शाबासकी आणि ठपका दोन्ही हवामानाच्या वाट्याचे, पण जातात महापालिकेच्या नावावर.

पैसा कुठे जातो, हेही पाहण्यासारखे आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने जुलै २०२४ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, देशभरात या कार्यक्रमाचा ६४ टक्के निधी रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झाला. रस्ते फरसबंद करणे, खड्डे बुजवणे, पाणी फवारणे, यंत्राने झाडणे. जैविक कचरा जाळण्यावर १४ टक्क्यांच्या आसपास. रस्त्यावरची धूळ दिसते आणि तिच्यावर खर्च केल्याचेही दिसते. पण शहरावरच्या हवेतली धूळ शहराचीच आहे का?

२२-२३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ समुद्रावरून गुजरात आणि महाराष्ट्रात आली. मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरा थर बसला. इतकी मोठी घटना डोळ्यांना दिसते. लहान घटना दिसत नाहीत. दोन किलोमीटरवरून धुळीचा थर येतो, दुपारच्या घुसळणीत खाली मिसळतो आणि पीएम १० च्या आकड्यात सामील होतो. पाण्याच्या टँकरचा त्याच्यावर काही इलाज नाही.

वऱ्हाडात याला आणखी एक पदर आहे, उंच धुराड्यांचा. अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, अमरावतीजवळ नांदगाव पेठला १,३५० मेगावॉटचा खासगी औष्णिक प्रकल्प. उंच धुराड्याचा हेतूच धूर वर सोडण्याचा असतो. हिवाळ्यातल्या रात्री छप्पर धुराड्याच्या तोंडाखाली बसले, तर धूर त्याच्या वरून निघून जातो आणि खालच्या यंत्राला दिसत नाही. सकाळी ऊन तापून छप्पर वर चढते, धुराच्या थराला जाऊन भिडते आणि तो घुसळून खाली येतो. पाठ्यपुस्तकांत याचे वर्णन आहे. आकडा सकाळी साडेनऊला अचानक उसळला, तर तो शाळा-कचेरीच्या वेळच्या गाड्यांचा मानला जातो. कधी तसे असेलही. कोणत्या दिवशी वाहने आणि कोणत्या दिवशी वरचा थर, हे वेगळे करायला उभा आलेख लागतो.

पऱ्हाटीचा धूर : दोषी कोण, हे कसे ठरणार?

इथे प्रश्न सर्वांत नाजूक होतो. कपाशीची उलंगवाडी झाली, की शेतात उभ्या पऱ्हाटीचे करायचे काय? फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडायचे तर पऱ्हाटी वेळेत उपटून तिची विल्हेवाट लावा, असे कृषी यंत्रणा सांगते. पर्यावरण यंत्रणा सांगते, काही जाळू नका. श्रेडरने तुकडे करून मातीत मिसळणे हा मधला मार्ग आहे, पण यंत्र, डिझेल आणि मजुरी यांचा हिशेब दोन-तीन एकरवाल्याला जमतोच असे नाही. मग बांधाशी ढीग होतो आणि काडी लागते. पुढे उन्हाळ्यात धुरे पेटतात, तुरीची धसकटे पेटतात. मेळघाटात वणवे लागतात ते वेगळेच.

हा सगळा धूर शहरापर्यंत पोहोचतो का? उत्तर काडी लावण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. भर दुपारी पेटवलेल्या ढिगाचा धूर घुसळणीबरोबर वर जातो आणि पातळ होतो. सांजवेळी पेटवलेला धूर बसत्या छपराखाली अडकतो आणि रात्रभर खालच्या वाऱ्याबरोबर सपाटीवर पसरतो. जळलेली पऱ्हाटी तेवढीच. म्हणजे सरसकट बंदी आणि सरसकट दुर्लक्ष, यांच्यामध्ये धोरणाला बरीच जागा आहे. मात्र ‘आज संध्याकाळी छप्पर २५० मीटरवर बसणार आहे’ असे सांगणारी यंत्रणा असेल, तरच ती जागा वापरता येईल. नाहीतर दरवर्षी आकडा वाढला की बोट शेतकऱ्याकडे, आणि शेतकऱ्याचे बोट धुराड्याकडे.

उपग्रह आहेत, मग जमिनीवर लायडार कशाला?

२८ एप्रिल २००६ ला सुटलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने १७ वर्षे लायडारने जगाच्या हवेचे उभे छेद घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे काम थांबले. युरोप आणि जपानचा अर्थकेअर उपग्रह २८ मे २०२४ ला गेला, त्यावरही लायडार आहे. हिमालयापासून अरबी समुद्रापर्यंतच्या थरांबद्दल जे कळले, त्यात या उपग्रहांचा वाटा मोठा.

पण उपग्रहावरचे लायडार हवेची रुंद पट्टी पाहत नाही, एक बारीक रेघ ओढत जाते. कॅलिप्सोच्या झोताची जमिनीवरची रुंदी होती सुमारे ७० मीटर आणि तो त्याच मार्गावर परतायचा १६ दिवसांनी. रेघ अकोल्यावरून गेली तर अमरावती सुटली. आणि छप्पर तर चार तासांत दहापट बदलते.

लायडारच्याही मर्यादा आहेत. दाट ढग आला की प्रकाश पुढे जात नाही, म्हणून पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा सर्वाधिक गरज तेव्हाच, ते बरेचसे आंधळे होते. अगदी जमिनीलगतचा पट्टाही अनेक यंत्रांना नीट दिसत नाही, कारण तिथे झोत आणि दुर्बिणीची नजर अजून जुळलेली नसते. परतलेल्या प्रकाशावरून कणांचे वजन काढताना ते धूळ आहे की धूर, याबद्दल काही गृहीत धरावे लागते. गृहीत चुकले, तर वजन चुकते. म्हणून लायडार जमिनीवरच्या यंत्राची जागा घेऊ शकत नाही. दोघांची नोंद एकत्र वाचावी लागते.

वऱ्हाडाजवळ सध्या काय आहे?

सातपुड्याच्या पलीकडे, अकोल्याच्या सरळ उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटरवर, मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात सिलखेडा येथे पुण्याच्या संस्थेने मध्य भारतातील वातावरणाच्या संशोधनाचे केंद्र उभारले आहे. मार्च २०२४ मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. मान्सूनच्या गाभाक्षेत्रातली हवा सलग मोजणे हा हेतू. काजळी मोजणारी, ढगांना जन्म देणारे कण मोजणारी यंत्रे आणि ढगांची रडार यांच्याबरोबर तिथे लेझर सिलोमीटरही आहे.

सिलोमीटर म्हणजे लायडारचा साधा, स्वस्त धाकटा भाऊ. ढगाचा तळ किती उंचीवर आहे हे पाहायला विमानतळांवर तो वापरतात. धूळ आणि धूर यांतला फरक बहुतेक सिलोमीटरना सांगता येत नाही, पण छप्पर कुठे आहे हे ते सांगू शकतात, चोवीस तास, माणूस न बसवता. २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानसेवा ठप्प केली. राख नेमकी कोणत्या उंचीवर आहे, हे तेव्हा पुरेसे कळत नव्हते. त्यानंतर तिथल्या हवामान संस्थांनी आधीपासून लावलेले सिलोमीटर एका जाळ्यात जोडायला घेतले. यंत्रे बरीचशी जुनीच होती, फक्त त्यांचा विदा ढगांपलीकडेही वाचला जाऊ लागला.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाली. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. पऱ्हाटी, बोंडअळी आणि पाऊस यांच्या नोंदी ठेवणे हे त्याचे रोजचे काम. चिखलदऱ्याला वीज आहे, रस्ता आहे आणि पाऊण किलोमीटरची उंची आहे. एक यंत्र खाली, एक वर. हिवाळ्यातल्या एका आठवड्यात दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तरी साडेनऊच्या आकड्यात वाहने किती आणि वरून उतरलेला धूर किती, याचे पहिले ढोबळ उत्तर हाती येऊ शकते.